जरी

सोमवारी पहिल्या तासाला अख्खी शाळा वाचते.
पंधरा मिनिटं. मुख्याध्यापिका अ‍ॅटरबीबाईंचा तसा हुकूमच आहे:
वाचन काय एकट्या इंग्रजीवाल्यांनी शिकवायचं?
तेव्हापासून सुतारकामाचे ओल्ड्रॉइड सर
व्हार्निशच्या डब्यामागचा मजकूर मोठ्यानं वाचून घेतात.
'हवेशीर जागी वापरा' यावर एकदा बराच वाद झाला,
हवेशीर म्हणजे नेमक्या किती खिडक्या.
खेळाचे सर मुरगळलेल्या घोट्याचा अहवाल लिहायला लावतात,
आणि कॅन्टीनची ब्रेंडा
फळ्यावर ब्रॉकलीतला दुसरा सी
पुसते, काढते, पुन्हा पुसते.

माझ्याकडे रसायनशास्त्र.
खोली गोदीच्या बाजूची. वारा फिरला
की ग्रिम्सबीचा सगळा मासळीबाजार
बर्नरपाशी शेकत बसतो.

वह्या तपासायला घेतल्या, तर तीस वह्यांत एकच वाक्य:
ते निळं झालं.
ते म्हणजे कोण?
कशानं? किती वेळानं? आधी कुठल्या रंगाचं होतं?
इचलकरंजीची माझी आत्या पाहुण्याला विचारायची तसं,
कोण, कुठले, कुणाकडचे,
चपला काढायच्या आत.

म्हणून मी भिंतीवर शब्द लावले.
कारण. म्हणून. तोवर. याउलट.
आणि कोपऱ्यात, जागा उरली नाही म्हणून जरासा तिरका:
जरी.

आता गंमत अशी,
की आपल्याकडे जरी एकटा येत नाही,
सुईमागून दोरा तसा तरी येतोच.
यांचा ऑल्दो मात्र एकटाच निघतो,
पुढचं वाक्य आपलं आपण सावरून घेतं.
इथं येऊन एकोणीस वर्षं झाली,
अजून तो शब्द वापरला की वाटतं, कुणीतरी मागं राहिलं,
आणि मी मध्ये एक बट घालते. चुकीचा.

नववीतला रीस ब्लँचर्ड.
शनिवारी काकाच्या धुरीघरात हॅडक टांगतो,
सोमवारीही बोटं पिवळीच.
वाचायची पाळी आली की नेमकी त्याला लघवीला लागते.

घंटा व्हायला आली होती, म्हणून म्हटलं,
भिंतीवरचा एक शब्द घ्या, एक वाक्य लिहा,
प्रयोगावरच हवं असं काही नाही.
रीसनं लिहिलं:

जरी बाबा म्हणाला होता शुक्रवारी येतो

बस्स. खाली पान कोरं.

अपूर्ण वाक्याला शाळेनं खूण ठरवून दिली आहे,
सगळ्या विषयांना एकच, लाल त्रिकोण.
मी दोन बाजू काढल्या
आणि तिसरी काढवेना.
मग समासात, का कोण जाणे, आपल्या अक्षरात
लिहून बसले: तरी?
आणि त्याला कळावं म्हणून खाली, त्याच्या भाषेत: मग?

पुढच्या सोमवारी वही घेऊन टेबलाशी आला.
"मिस, हे चित्र कसलं?"
म्हटलं, वाक्याचा दुसरा अर्धा. आमच्यात लागतोच.
"आणि ही वरची दांडी?"
शब्द टांगायला.
"हॅडकसारखे?"
हो, मी म्हटलं, तसेच.
तो हसला नाही. दांडीवरून एकदा बोट फिरवलं,
जागेवर गेला,
आणि पंधरा मिनिटं, सगळी शाळा वाचत असताना,
हा एकटा लिहीत बसला.
एकच ओळ:

मी चिप्स नऊ वाजेपर्यंत ओव्हनमध्ये गरम ठेवल्या.

ओव्हनचं स्पेलिंग चुकलं होतं, ते राहू दिलं.
दोन अर्ध्यांमधला स्वल्पविराम विसरला होता,
तेवढा मी दिला.

मग घंटा. आठवी दारात, जॅकेटं न काढता.
तीस वह्या धपाधप टेबलावर.
ते निळं झालं. ते निळं झालं. ते निळं झालं.
सतरावी कुणा इमोजेन पॅस्कोची:
ते आधी निळं झालं नाही.